भूमीपासून बिंदूपर्यंत

जूचंद्र हे गाव रांगोळीसाठी महाराष्ट्रात ओळखले जाते. येथील कलावंत रांगोळीच्या भुकटीतून माणसाचा चेहरा असा उभा करतात की, पाहणारा क्षणभर तेथेच थबकतो. 'अगदी हुबेहूब!' ही येथील सर्वांत मोठी शाबासकी. सय्यद हैदर रझा यांच्या 'बिंदू' मालिकेतील एका चित्राची छापील प्रत आम्ही एकदा येथील एका तरुण रांगोळीकारास दाखविली. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "फादर, हा तर आमचा पहिला ठिपका झाला. पुढचे चित्र कुठे आहे?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अमूर्त कलेला विचारण्याजोगा तोच खरा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

रझांचा जन्म 1922 साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात असल्याने जंगल आणि नर्मदेचा परिसर हे त्यांच्या बालपणाचे जग होते. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते 1943 साली मुंबईस आले, ब्लॉक तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करू लागले व पुढे सर ज. जी. कलाशाळेत शिकले. त्या काळातील त्यांची जलरंगचित्रे म्हणजे मुंबईचे रस्ते, इमारती आणि पावसाळी हवा. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यात गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील फ्रान्सिस न्यूटन सूझा होते, तसेच विदर्भातील हरी अंबादास गाडेही होते. गाडेदेखील निसर्गचित्रापासूनच निघून आकारापेक्षा रंगाला अधिक अधिकार देण्याकडे वळले. तेव्हा हा प्रवास एकट्या रझांचा नव्हे. मात्र त्यांनी तो अखेरच्या टोकापर्यंत नेला.

1948 साली काश्मीरमध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यांना सांगितले की, चित्रांत गुण आहे, पण बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. रझांनी हा सल्ला मनावर घेतला. 1950 साली शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. 'ओ द कान्य' (1951) या चित्रात डोंगरावरची घरे भूमितीच्या आकृतींसारखी दाटली आहेत आणि माणूस एकही नाही. 'व्हिलेज विथ चर्च' (1958) मध्ये तीच घरे रंगाच्या जाड थरांत विरघळू लागतात. 1956 साली त्यांना फ्रान्समधील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. यशस्वी निसर्गचित्रकार म्हणून त्यांना येथेच थांबता आले असते.

ते थांबले नाहीत. 1962 साली अमेरिकेत बर्कले येथे अध्यापनासाठी गेले असता तेथील अमूर्त चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. पुढे तैलरंगाऐवजी अ‍ॅक्रिलिक आले, हाताची हालचाल मोकळी झाली. सत्तरीच्या दशकातील 'ला तेर', म्हणजे 'भूमी', आणि 'राजस्थान' ही चित्रे आमच्या मते रझांच्या कर्तृत्वाचे शिखर होत. त्यांत झाड नाही, वाट नाही. पण रात्रीच्या जंगलाची भीती आहे, उन्हाने पेटलेली माती आहे. डोळ्यांना जे दिसत नाही, ते अंगाला जाणवते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हांस शिकविण्यात आला होता. इंद्रियांना जे आधी भेटले नाही ते बुद्धीला भेटत नाही, आणि अमूर्ताचे ग्रहण केल्यावरही बुद्धीला पुन्हा प्रतिमेकडे वळावे लागते. म्हणजे अमूर्ताकडे जाण्याची वाट आहे, तशीच परतण्याचीही आहे. हीच कसोटी चित्राला लावण्यास हरकत नसावी. 'सौराष्ट्र' (1983) या चित्रात चौकोनांची मांडणी आहे, कोपऱ्यात काळे वर्तुळ आहे. तरीही तापलेल्या भूमीकडे परतण्याची वाट मोकळी आहे.

बिंदूची कथा सर्वश्रुत आहे. चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून शिक्षकाने भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. तो ठिपका 1980 च्या सुमारास रझांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. आरंभीच्या बिंदूत त्या मुलाची एकाग्रता आहे. परंतु उत्तरकाळात त्रिकोण, वर्तुळे आणि पंचमहाभूतांचे रंग वारंवार त्याच क्रमाने येऊ लागले. ही पुनरुक्ती जपासारखी आहे, असे त्यांचे चाहते म्हणतात. जपमाळ आम्हीही ओढतो. म्हणून नम्रपणे सांगावेसे वाटते की, ओठ चालले आणि मन थांबले, तर तो जप राहत नाही. त्यांचे 1989 सालचे 'जेस्टेशन' हे चित्र 2023 साली मुंबईच्या लिलावात 50 कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेले. परंतु किंमत हे या शंकेचे उत्तर नव्हे.

ही चर्चा वसईच्या वाचकाला दूरची वाटू नये. आपल्या डोळ्यांदेखत बावखले बुजली, मिठागरे आणि शेते इमारतींखाली गेली. उद्याच्या चित्रकाराला हुबेहूब रेखाटण्यासाठी ती भूमी समोर नसेल. त्याच्यापाशी स्मृती असेल, एखादा रंग असेल, मिठाच्या ढिगावरील उन्हाची तिरीप असेल. रझांनी परदेशात राहून नर्मदाकाठचे जंगल असेच जपले. अमूर्त कला ही त्या अर्थाने हरवलेल्या भूमीची राखण आहे. पण ज्याने भूमी कधी नीट पाहिलीच नाही, त्याने काढलेला ठिपका हा केवळ ठिपका राहतो.

2010 च्या अखेरीस रझा भारतात परतले. 23 जुलै 2016 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन झाले. चित्रांत दिसेनाशी झालेली भूमी त्यांनी अखेर अशी गाठली.

त्या तरुण रांगोळीकारास आमचे उत्तर एवढेच : बाळा, तू ठिपक्यापासून चेहऱ्याकडे जातोस, हा माणूस डोंगर, घरे, जंगल सारे रेखाटून ठिपक्याकडे आला. तू विचारतोस ते चित्र पुढे नाही, मागे आहे. ते जेथे जाणवते तेथे बिंदूपुढे थांब. जेथे जाणवत नाही, तेथून खुशाल पुढे जा.