श्रीमंत बाप आणि आपलं वतन

रॉबर्ट कियोसाकीचं ‘रिच डॅड पुअर डॅड’ (१९९७) मराठीत आलं आणि आता ते आपल्या चळवळीतल्या पोरांच्याही झोळीत दिसतं. म्हणून त्यावर लिहिणं आलं. घरं घ्या, जमीन घ्या, भाडेकरूच्या पैशातून कर्ज फेडा, धरून ठेवा, मग पैसाच तुमच्यासाठी राबेल, असा एकूण मामला. राबणारा पैसा मी अजून बघितला नाय. साच्यावर राबतो तो माणूस.

पुस्तक बिनडोक नाही. आपण राहतो ते घर म्हणजे भांडवल नव्हे, हे तो रोखठोक सांगतो. तिथवर पटतं. खरी गोम फिनिक्सच्या हकिकतीत आहे. अमेरिकेतल्या त्या शहरात घरांचे भाव पडले तेव्हा हा गडी कोर्टाच्या पायरीवर, दिवाळखोरीच्या वकिलाकडे जाऊन ७५,००० डॉलरची घरं २०,०००ला शोधत होता. छान. पण त्या घरातून भांडीकुंडी घेऊन कोण बाहेर पडलं? सबंध पुस्तकात त्याला नाव नाही, तोंड नाही. लेखक म्हणून हा त्याचा मोठा खोटेपणा.

तो बेपत्ता माणूस आपल्याला गिरणगावात भेटतो. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनीचा भाव चढत गेला. १९९१च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ला नियम फिरवला, वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची. २००६ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. मालकानं जमीन धरली, टॉवर उगवला. कामगारानंही धरलंच होतं की, चाळीतली खोली आणि हजेरीचं कार्ड. म्हाडाची सोडत निघाली २०१२ला, संपानंतर ३० वर्षांनी. नंबर लागला त्याला २२५ चौरस फूट.

आणि ‘धरून ठेवा’ हे आपल्याला कोण शिकवतो? बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या जमीन धरलीच होती. महारवतन! परतावा काय, तर रात्रंदिवस सरकारची आणि गावाची वेठ. ती बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतनं गेली १९५८च्या कायद्यानं. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. शहर वाढत त्या शिवाराला लागलं की दलाल येतो आणि अडलेल्या भावाकडून मातीमोलानं कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो. फिनिक्सच्या कोर्टाची पायरी आपल्या चावडीलाच आहे.

वाचायचं तर वाचा हे पुस्तक. पण शेजारी आपल्या गावचा सातबारा काढून ठेवा. ‘भोगवटादार वर्ग २’ जिथं लिहिलंय त्या वतनजमिनीवर आज कोण उभं आहे, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.