धागा की कुंभार? जोडीदाराच्या व्हिसातला कार्यकारणभाव

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे अर्ज कुठे भरायचा, फी किती, हे माझ्याकडून अपेक्षित धरू नका. आपण एखादा ग्रंथ वाचतो, त्यातला युक्तिवाद कुठे टिकतो आणि कुठे ढासळतो ते बघतो, तसा एक कायदा आज वाचायचा आहे.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करू. लग्न जमवताना आपण म्हणतो, 'अमेरिकेचं स्थळ आलंय.' स्थळ म्हणजे जागा! मुलगा नव्हे, घराणं नव्हे, जागा. आता पनवेलच्या दारात विमानतळ आलाय, तेव्हा अशी स्थळं काही कमी होणार नाहीत. आपण पगार विचारतो, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारतो, पत्रिका तर बघतोच. पण आपली मुलगी त्या जागेवर कोणत्या हक्काने राहणार, हे किती घरांत विचारलं जातं? विचारलंच तर उत्तर येतं, 'डिपेंडंटवर जाईल.' डिपेंडंट म्हणजे आश्रित. आपल्या एकत्र कुटुंबात विधवा आत्याला जो शब्द लावत, तोच हा शब्द. संगणकाची पदवी घेतलेल्या मुलीला तो लावताना आपल्याला काहीच खटकत नाही.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्याचा व्हिसा एच-१बी. त्याच्या जोडीदाराचा एच-४. (पुरुषही एच-४वर असतात, पण बहुतेक बायकाच, म्हणून मी 'ती' म्हणतो.) एच-४ला स्वतःचं आयुष्य नाही. नवऱ्याचा दर्जा आहे तोवर तिचा. नवऱ्याची नोकरी गेली की दोघांचाही दर्जा धोक्यात येतो, पण तिथे निदान २०१७पासूनच्या नियमाने साठ दिवसांपर्यंतची मुदत मिळू शकते. घटस्फोटाने आश्रितपण संपलं, तर त्यासाठी अशी मुदत नियमात लिहिलेली नाही. हुकूमनामा अंतिम झाला की एच-४चा आधार गेला. २०१५पासून काही एच-४वाल्यांना नोकरीचा परवाना मिळतो, तोही आश्रितपणाबरोबरच जातो. म्हणजे आयुष्यात ज्या महिन्यात पगाराची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच महिन्यात पगार बंद.

आता जरा न्यायशास्त्राकडे येऊ. घाबरू नका, दोनच दृष्टांत आहेत. मडक्याला कुंभार कारण आहे आणि कापडाला धागा कारण आहे, पण ही दोन कारणं एका जातीची नाहीत. कुंभार हे निमित्तकारण. मडकं झालं, कुंभार उद्या गाव सोडून गेला, तरी मडकं फुटत नाही. धागा हे समवायी कारण. धागे उसवले की कापड उरतच नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे: व्हिसाला लग्न कोणत्या जातीचं कारण आहे? तिला त्या देशात आणलं लग्नाने, हे कबूल. पण तिथे ती सात वर्षं राहिली, भाषा, रस्ते, शाळा, डॉक्टर सगळं आपलंसं केलं, मूल वाढवलं. हे राहणं लग्नाने सुरू झालं, पण ते लग्नाचंच विणलेलं आहे का? एच-४चा कायदा म्हणतो, होय, धागाच. माझं म्हणणं आहे की येण्याचं कारण आणि राहण्याचं कारण यांची ही गल्लत आहे.

नैयायिकांनी इथे एक अपवाद मान्य केलाय, आणि तो मला फार मार्मिक वाटतो. 'दोन' ही संख्या. समोर दोन आंबे आहेत. बघणाऱ्याच्या मनात 'हा एक आणि हा एक' अशी अपेक्षाबुद्धी झाली की दोनपणा उत्पन्न होतो. ती बुद्धी खरं तर निमित्तकारण, तरीही ती नष्ट झाली की दोनपणा नष्ट होतो. आंबे मात्र जिथल्या तिथे असतात. व्हिसा अधिकारी नवरा-बायकोकडे असंच बघतो. त्याने दोन मोजले तोवर दोघं. मोजणं थांबलं की त्याच्या वहीत दुसरा आंबाच नाही. पण माणूस असतो ना तिथे, भाड्याच्या घरात, मुलाचा डबा भरत.

आणि त्या मुलाचं काय? आश्रित मूल एच-१बी बापाचं मूल राहतंच, त्यामुळे अविवाहित आणि एकवीस वर्षांखालचं असेल तर त्याचा एच-४ टिकतो. मूल तिथेच जन्मलेलं असेल तर ते नागरिकच, पण आईसाठी अर्ज करायला त्याला एकवीस वर्षांचं व्हावं लागतं. बापाचा दर्जा शाबूत, मुलाचा शाबूत, आईला मात्र सामान बांधायचं. मग ताबा कुणाकडे, हा वाद कोर्टात सुरू होण्याआधीच अर्धा निकाली निघतो.

सर्वांत कठोर गोष्ट रांगेची. नोकरीच्या आधारे कायमच्या वास्तव्याला अमेरिकेत देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग काही वर्गांत दहा वर्षांहून लांब आहे. आता समजा, एक जोडपं त्या रांगेत अकरा वर्षं उभं आहे. घटस्फोट झाला. रांगेतला नंबर नवऱ्याच्या नावाचा. बायको त्या नंबरच्या पदराला धरून उभी होती. तिची अकरा वर्षं शून्य झाली. नवऱ्याने नंबर लागण्याआधी दुसरं लग्न केलं, तर नवी बायको त्याच जुन्या नंबरवर येते. परवा मंडपातून उठलेली रांगेच्या तोंडाशी, आणि अकरा वर्षं उभी राहिलेली रांगेबाहेर. आपल्या रेशनच्या रांगेत कुणी असं केलं असतं तर भांडण झालं असतं. नव्या मुलीचा यात काही दोष नाही, हेही सांगतो. दोष जागा व्यक्तीला न देता पदाला देण्यात आहे. 'पत्नी' हे पद रिकामं झालं, भरलं, एवढंच कायद्याला दिसतं.

याला उत्तर काय दिलं जातं? घटस्फोटानंतरही राहू दिलं तर लोक कागदी लग्नं करतील. हा आक्षेप मी हलका समजत नाही. अशी लग्नं होतात. पण याच अमेरिकेने १९८६मध्ये खोट्या लग्नांविरुद्ध कायदा केला तेव्हा काय केलं ते बघा. नागरिकाशी नवं लग्न करून येणाऱ्याला आधी दोन वर्षांचं सशर्त वास्तव्य. मुदत संपताना दोघांनी मिळून अर्ज करायचा. पण दरम्यान घटस्फोट झाला, तर ती एकटी अर्ज करू शकते. लग्न सद्भावनेने केलं होतं हे सिद्ध करायचं. म्हणजे फसवणूक पकडायलाच केलेल्या कायद्याने लग्न आज आहे का हे न विचारता ते खरं होतं का, हे विचारलं. लग्नाला कुंभार मानलं! ऑस्ट्रेलियातही जोडीदाराच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना नातं तुटलं, तर कौटुंबिक हिंसा झाली असेल किंवा दोघांचं मूल असेल, तर कायमच्या व्हिसाचा रस्ता बंद होत नाही. तिथे बंधन प्रायोजकावरही आहे: साधारणपणे आयुष्यात दोनच जोडीदार, आणि दोघांत पाच वर्षांचं अंतर. तेव्हा दुसरा विचार शक्य आहे. एच-४मध्ये तो केला गेला नाही, इतकंच.

पुनर्विवाहाची गाठ आपल्याकडे आणखी अवघड आहे. १९९१चा सर्वोच्च न्यायालयाचा वाय. नरसिंह राव निकाल पाहा. लग्न १९७५चं, तिरुपतीचं. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरीत घटस्फोटाचा हुकूम मिळवला आणि १९८१मध्ये दुसरं लग्न केलं. न्यायालयाने तो हुकूम मानला नाही. इथल्या कायद्याला मान्य नसलेल्या कारणावर, बायको खऱ्या अर्थाने हजर नसताना मिळालेला परदेशी हुकूम आपल्याकडे चालत नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं. याचा अर्थ लावा. एखादा तिकडे असा एकतर्फी कागद घेऊन येतो आणि पनवेलच्या कार्यालयात दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतो. इथल्या कायद्याने पहिलं लग्न जिवंत, म्हणून दुसरं अवैध. अमेरिकेचं व्हिसा खातं लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे बघतं. म्हणजे पहिलीचा व्हिसा घटस्फोटामुळे गेला, आणि दुसरीच्या व्हिसाच्या पायाखाली जमीनच नाही. एका कागदावर दोन बायकांचं आयुष्य.

परदेशावर लिहिलेल्या आपल्या कथांत बर्फ भरपूर, एकटेपणा भरपूर. पासपोर्टमधला शिक्का मात्र मला क्वचितच भेटला. आपण त्या एकटेपणाला मानसिक समजत राहिलो.

आणि अमेरिकेवर बोट दाखवण्याआधी घरचं बघू. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला, लग्न दोन वर्षं टिकलं असेल तर, ओसीआय कार्ड मिळू शकतं. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७डीप्रमाणे घटस्फोट झाला की ते रद्द होऊ शकतं. आपणही धागाच मानतो. २०१९मध्ये राज्यसभेत आलेलं अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करू पाहत होतं. पळालेल्या नवऱ्याला शोधायला त्याचा उपयोग झाला असता. बायकोला तिकडे राहायला नाही.

मागून चिठ्ठी आली आहे: 'मग मुलीला सांगायचं काय?' लग्नाआधी व्हिसाचा प्रकार आणि रांगेतला नंबर विचारा, पत्रिकेआधी विचारा. मुलगा घटस्फोटित असेल तर हुकूमनाम्याची प्रत मागा. तो कोणत्या कोर्टाचा, कोणत्या कारणावर, पहिली बायको हजर होती का, ते वाचा. लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट तिच्या स्वतःच्या ताब्यात असू दे. आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर तारखेकडे लक्ष ठेवा. विद्यार्थी म्हणून किंवा दुसऱ्या कारणाने दर्जा बदलायचा अर्ज हुकूम अंतिम होण्याआधी जायला हवा, कारण तोवरच तिचा एच-४ जिवंत असतो. पोटगीच्या आकड्यावर महिनाभर घासाघीस होते आणि ही तारीख कुणी विचारत नाही. वकिलाला पहिल्या भेटीत हेच विचारा, आकडा नंतर.