वर्गातील ‘मी’ आणि ‘तुम्ही’

विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहावे, अशी अपेक्षा प्रत्येक अध्यापक बाळगतो. परंतु ज्याचे वेगळेपण त्याने लेखणी उचलण्यापूर्वीच साऱ्या वर्गाने हेरलेले असते, त्याच्या प्रामाणिकपणाचा अर्थ कोणता? अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय लेखकांनी या प्रश्नाला साहित्यरूप दिले आहे.

लँग्स्टन ह्यूज यांनी १९२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि वर्षभरात ते सोडले. पदवी त्यांना १९२९ मध्ये लिंकन या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात मिळाली. त्यांच्या १९५१ च्या संग्रहात समाविष्ट झालेल्या ‘थीम फॉर इंग्लिश बी’ या कवितेतील निवेदक म्हणजे मात्र ह्यूज नव्हेत. तो दक्षिणेतून आलेला बावीस वर्षांचा विद्यार्थी असून वर्गात एकटाच काळा आहे. स्वतःच्या अंतरंगातून एक पान लिहून आणावे, म्हणजे ते खरे उतरेल, असे गोऱ्या अध्यापकाने सांगितले आहे. टेकडीवरचे महाविद्यालय सोडून तो हार्लेममधील आपल्या खोलीवर येतो आणि त्या सूचनेतील सोपेपणाविषयीच साशंक होतो. तो आपल्या आवडी सांगतो, त्या कोणाही तरुणाच्या असाव्यात अशा आहेत. त्याच्या संगीतप्रेमात बेसी स्मिथ आणि बाख शेजारी शेजारी नांदतात. म्हणजे वंश एक, तर संस्कृती अनेक. शेवटी तो अध्यापकालाच आपल्या पानात ओढतो. शिष्य गुरूकडून घडतो तसा गुरूही शिष्याकडून घडतो, मग ते दोघांना रुचो वा न रुचो. हा समारोप भाबड्या समेटाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु अध्यापक अधिक मुक्त आहे, ही नोंद करून कवी त्या समेटाची किंमत वाचकासमोर ठेवतो.

राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीत परिस्थिती उलट आहे. एलिसन स्वतः १९३३ ते १९३६ या काळात टस्कीगी येथे संगीत शिकत होते. कादंबरीचा नायक कृष्णवर्णीयांच्याच महाविद्यालयात शिकतो. तेथे तो एकटा नाही. परंतु संस्थेचा आधार गोऱ्या आश्रयदात्यांच्या मर्जीवर असल्यामुळे, त्यांपैकी एकाला नको ते दाखविल्याच्या अपराधासाठी कृष्णवर्णीय प्रमुखच त्याला बाहेर काढतो. शिफारशीची म्हणून दिलेली मोहोरबंद पत्रे घेऊन तो न्यूयॉर्कला जातो. त्याला कोठेही थारा मिळू नये, हाच त्या पत्रांचा आशय असतो. ह्यूज यांचा विद्यार्थी आपले पान निदान स्वतः लिहितो. एलिसन यांच्या नायकाविषयीचे पान दुसऱ्यानेच लिहिलेले आहे, आणि त्याचे ओझे मात्र तो स्वतः वाहतो.

मराठीत ही कविता आणताना पहिली अडचण सर्वनामाची येते. इंग्रजीत अध्यापक व विद्यार्थी परस्परांना एकाच शब्दाने संबोधितात. मराठीत अध्यापकाने ‘तू’ म्हटले तर विद्यार्थ्याला ‘तुम्ही’ म्हणावे लागते, आणि कवितेने मोठ्या कष्टाने मिळविलेली समपातळी पहिल्याच ओळीत ढासळते. दोघांनाही ‘तुम्ही’ देणे हाच मार्ग मला उचित वाटतो. त्याने अध्यापकाचा स्वर थोडा परका होईल. पण तो परकेपणा कवितेत आहेच.

दुसरी अडचण ‘वर्ण’ या शब्दाची. त्यात त्वचेचा रंग आहे तशी चातुर्वर्ण्याची उतरंडही आहे; ‘कृष्णवर्णीय’ या रूढ शब्दातही तो लपलेला आहेच. ह्यूज कोलंबियात पोहोचण्यापूर्वी, १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथेच शिकत होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून ‘वर्ण’ योजण्याचा मोह स्वाभाविक आहे. तरीही कवितेत ‘काळा’ हाच उघडा शब्द असावा. वंशभेद आणि जातिभेद यांचे नाते वाचकाने स्वतः विचारांती जोडावयाचे आहे. अनुवादकाने ते शब्दाच्या आडून आधीच जोडून दिले, तर हार्लेमचा विद्यार्थी आपल्याच दुःखाचे रूपक होऊन बसेल, आणि त्याचे पान पुन्हा एकदा दुसऱ्याच्या हातचे ठरेल.