निंदेचा नाद

विद्यार्थिदशेत एका ग्रंथालयात ‘ग्रामोफोन’ या इंग्रजी मासिकाचे जुने बांधीव खंड हाती लागले, तेव्हा प्रस्तुत लेखकाजवळ तबकडी वाजवण्याचे यंत्र नव्हते आणि परदेशी ध्वनिमुद्रिका विकत घेण्याची ऐपत तर नव्हतीच. तरीही दुपारच्या दुपार त्या खंडांत गेल्या. ज्या ध्वनिमुद्रिका कधी ऐकायला मिळण्याची शक्यता नव्हती, त्यांची परीक्षणे वाचण्यात कसला आनंद होता, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे पडला तेव्हा उत्तर काहीसे ओशाळवाणे निघाले. स्तुतीची परीक्षणे नजरेखालून घालून पान उलटले जाई. जिथे एखाद्या वादकाचे वाभाडे काढलेले असत, तिथे मात्र थांबून दोनदा वाचले जाई.

निंदेचे हे सुख नवे नाही. अत्र्यांच्या लेखणीवर पोसलेल्या मराठी वाचकाला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु संगीताच्या क्षेत्रातील निंदेला एक स्वतंत्र इतिहास आहे. निकोलस स्लोनिम्स्की या संगीतज्ञाने 1953 मध्ये एक विलक्षण कोश प्रसिद्ध केला. बीथोव्हनपासून पुढील थोर रचनाकारांवर त्यांच्या समकालीनांनी जी आग पाखडली, तिचे हे पद्धतशीर संकलन असून, शेवटी शिव्यांची अकारविल्हे सूचीही जोडली आहे. चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो 1881 मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजला, तेव्हा एडुआर्ड हान्स्लिक या दबदबा असलेल्या समीक्षकाने, कानांना दुर्गंध येईल असेही संगीत असू शकते, अशी शंका व्यक्त केली. चायकोव्हस्कीला हे परीक्षण अखेरपर्यंत तोंडपाठ होते, असे सांगतात. माक्स रेगरने 1906 मध्ये आपल्या टीकाकाराला उलट पत्र लिहून कळवले की, आपण घरातील सर्वांत लहान खोलीत बसलो असून आपले परीक्षण या क्षणी समोर आहे, थोड्याच वेळात ते मागे जाईल.

हा कोश वाचताना हसू येते, पण ते हसू वाचकाला फार स्वस्तात मिळते. हान्स्लिक चुकला हे आपल्याला आधीच ठाऊक असते. काळाने ज्याला पराभूत केले त्या माणसावर हसण्याचे ते सुख, आणि त्यात आपल्या कानांना काहीच करावे लागत नाही. शिवाय त्या दिवशीचे वादन विरून गेलेले असते. ब्रॉड्स्की या वादकाने ती संध्याकाळ खरोखर कशी वाजवली, हे आता कोणालाही पडताळता येणार नाही. उरली आहे ती केवळ साक्ष, आणि ती देणारा माणूस वाक्यरचनेत निपुण होता, एवढेच.

ध्वनिमुद्रिकेने ही स्थिती मुळापासून बदलली. कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने 1923 मध्ये ‘ग्रामोफोन’ सुरू केले, तेव्हा परीक्षणाच्या इतिहासात एक अपूर्व गोष्ट घडत होती. ज्या वस्तूची निंदा करायची, ती वस्तू वाचकाच्या घरात असू शकत होती. समीक्षकाने अमुक ठिकाणी लय ढासळली असे म्हणावे आणि वाचकाने उठून सुई त्या जागी ठेवावी. वक्रोक्तीला प्रथमच जामीन द्यावा लागला. ध्वनिमुद्रिकांच्या चांगल्या परीक्षणातील उपरोध इतका रुचकर लागतो याचे कारण, माझ्या मते, त्याच्या तिखटपणात नाही; तो पकडला जाऊ शकतो, यात आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने या लेखनाला लागणारे हत्यार कधीच घडवून ठेवले आहे. निंदेतून स्तुती आणि स्तुतीतून निंदा साधणारी व्याजस्तुती हीच या परीक्षकांची मुख्य युक्ती. वादनाविषयी चकार शब्द न काढता वेष्टनावरील छायाचित्राची वाखाणणी करावी, ध्वनिमुद्रकाच्या कौशल्याला दाद द्यावी, दोन भागांमधील शांततेची प्रशंसा करावी, म्हणजे वादकाचे काय झाले ते वाचक ओळखतो. पण नुसती युक्ती दोन परिच्छेदांपलीकडे टिकत नाही. ती टिकते ती तपशिलावर.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ग्लेन गूल्डने वाजवलेले मोत्सार्टचे पियानो सोनाटा. 1965 ते 1974 या काळात ध्वनिमुद्रित झालेल्या या संचावर जितकी कडवट टीका झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या संचाच्या वाट्याला आली असेल. मोत्सार्ट अकाली नव्हे, उशिरा मरण पावला, असे म्हणणारा हा वादक. त्यामुळे टीकाकारांना आमंत्रणच होते. त्यांतील बरीचशी टीका निव्वळ संतापाची आहे आणि ती आज वाचवत नाही. परंतु काही परीक्षकांनी नेमके बोट ठेवले. ए मेजरमधील प्रसिद्ध सोनाट्याच्या पहिल्या भागात गूल्ड मूळ चाल इतकी संथ वाजवतो की स्वर एकमेकांना ओळखत नाहीत असे वाटावे. मग प्रत्येक आवर्तनरूपाबरोबर तो लय वाढवत नेतो, आणि जिथे मोत्सार्टने स्पष्टपणे संथ लय लिहून ठेवली आहे त्या पाचव्या रूपातही तो वेग उतरवत नाही, चढवतो. हे कानाने टिपून, मगच त्यावर केलेला विनोद आणि ‘वेडा माणूस’ म्हणून उडवलेली टर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी ही ध्वनिमुद्रिका मला ऐकायला मिळाली. परीक्षकाने सांगितलेले सर्व दोष जागच्या जागी होते. आणि तरी ती मला आवडली. त्या संथ चालीतील हट्ट, एकाच चढत्या रेषेवर सगळा भाग ओढून नेण्याची ती जिद्द मला निंदेनेच दाखवून दिली होती. स्तुतीच्या परीक्षणाने ती दिसली नसती. निकाल अमान्य व्हावा आणि साक्ष मात्र मान्य व्हावी, असा अनुभव देणारे परीक्षण मला सर्वश्रेष्ठ वाटते.

अशी निंदा पाश्चात्त्य संगीतातच का फोफावली, याचे कारण उघड आहे. तिथे रचना लिहिलेली असते. एकाच सिंफनीच्या तीस तबकड्या एका रांगेत लावता येतात. बी.बी.सी.च्या ‘रेकॉर्ड रिव्ह्यू’ या कार्यक्रमाने 1957 पासून तुलनेची ही शिस्त श्रोत्यांच्या अंगवळणी पाडली. आपल्याकडे ख्याल तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबावा लागे, आणि खरे गाणे मैफलीत असते हे सर्वांना मान्य होते. तबकडी म्हणजे केवळ नमुना. नमुन्यावरून गायकाला झोडपणे अन्यायाचेच ठरले असते. शिवाय ‘आज बुवांचा आवाज लागला नाही’ हे आपल्या रसिकतेचे दयाळू वाक्य आहे. तबकडीला ते लागू पडत नाही. तरीही केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाने समकालीन गायकांवर जे लिहिले (‘आजचे प्रसिद्ध गायक’, 1933), त्यात भक्तिभाव बाजूला ठेवून कानाने लिहिण्याचे धैर्य दिसते. त्या धैर्याला आपल्याकडे वारस थोडे लाभले. गुरुजनांविषयीचा आदर हे त्याचे एक कारण. मुंबई-पुण्याचे संगीतविश्व लहान, आणि परीक्षक व गायक उद्या एकाच मांडवात भेटणार, हे दुसरे, आणि मला वाटते अधिक खरे.

मात्र कानाची ही साक्ष किती विश्वासाची, याची एक निष्ठुर परीक्षा 2007 मध्ये झाली. जॉइस हॅटो ही इंग्रज पियानोवादिका 2006 मध्ये निवर्तली. आजारपणामुळे रंगमंचापासून दूर राहूनही तिने शंभराहून अधिक तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या, अशी ख्याती झाली होती आणि समीक्षक भारावून गेले होते. 2007 च्या फेब्रुवारीत तिच्या नावाची लिस्टच्या रचनांची एक तबकडी संगणकात घातली असता संगणकाने वादकाचे नाव दाखवले लास्लो सिमोन. तपास झाला, आणि तिच्या पतीने इतरांची वादने तिच्या नावावर खपवल्याचे उघड झाले. कॉन्चेर्टोंच्या तबकड्यांवर छापलेला वाद्यवृंदसंचालक तर अस्तित्वातच नव्हता. सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच होती. रखमानिनॉवच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोचे येफिम ब्रॉन्फमनने केलेले वादन ज्या परीक्षकाने 1992 मध्ये निर्जीव म्हणून मोडीत काढले होते, त्यानेच तेच वादन हॅटोच्या नावाने आले तेव्हा चैतन्याने भारलेले म्हणून गौरवले.

या प्रकरणावर हसण्याचा मोह मला आवरला नाही, हे कबूल करतो. पण हसू ओसरल्यावर बांधीव खंडांतील ती आवडती परीक्षणे पुन्हा उघडण्याचा धीर काही दिवस झाला नाही. त्या धारदार वाक्यांपैकी किती वादनाविषयी होती आणि किती वेष्टनावरील नावाविषयी? मग एक साधी कसोटी लावून पाहिली. वादकाचे नाव झाकायचे आणि वाक्यात काय उरते ते पाहायचे. ‘पाचव्या रूपात लय चढते’ हे उरते. ‘चैतन्याने भारलेले’ वितळून जाते. ‘निर्जीव’ही तसेच वितळते. म्हणजे या परीक्षकाची स्तुती जितकी पोकळ होती, तितकीच निंदाही.

गूल्डला हे फार पूर्वी कळले असावे. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे लिस्टने केलेले पियानोरूप त्याने वाजवले आणि 1968 मध्ये ती तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावर त्याने त्याच तबकडीची चार काल्पनिक परीक्षणे स्वतःच लिहून छापली. त्यांत एक इंग्रज सरदार आहे, पांडित्याने वाकलेला एक जर्मन प्राध्यापक आहे, वादकाच्या मनोविकृतीचे निदान करणारा डॉक्टर आहे, आणि ऐंशी वादकांची रोजी एकट्याने हिरावून घेतली म्हणून संतापलेला हंगेरीतील एक श्रमिकनिष्ठ समीक्षक आहे. चौघेही तबकडी ऐकण्यापूर्वीच आपले मत ठरवून आलेले दिसतात. परीक्षकाच्या भात्यातले सारे बाण गूल्डने आधीच स्वतःवर सोडून ठेवले होते. त्यानंतर ज्याला त्या तबकडीवर लिहायचे असेल, त्याला ती ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.