सरस्वती महालातल्या याद्या: पोथी सापडते, पोथीचं घर सापडत नाही

तंजावरच्या सरस्वती महालाची ओळख करून देताना आपण हटकून पोथ्यांचे आकडे सांगतो. माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही, मांडणीबद्दल आहे. याद्या झाल्या त्या भाषा आणि विषय पाहून. बर्नेलची १८८० सालची यादी तर संस्कृतापुरतीच. शोधायला हे सोयीचं, मान्य. पण सरफोजीराजांचं (दुसरे) ‘देवेंद्र कुरवंजी’ घ्या. यादीत ते मराठी नाटक. प्रत्यक्षात त्यात जगाचा भूगोल सांगितलाय! तो राजांना कुठून कळला, हे त्यांनी जमवलेल्या युरोपीय पुस्तकांत आणि नकाशांत बघायला हवं, आणि ती मांडणी वेगळी. धन्वंतरी महालातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, आणखी तिसरीकडे. माणूस एकच, कपाटं तीन.

जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांचे घरगुती संग्रह पुढे इथंच आले. एखाद्या पोथीच्या नोंदीत संग्रहाची खूण मिळते, नाही असं नाही. पण त्या घरात वैद्यकाशेजारी कुठलं स्तोत्र होतं, हे खुणेवरून कसं कळणार? संग्रहवार वेगळी यादी निघाली पाहिजे.

मोडी रुमालांचं तर विचारूच नका. दरबाराचा रोजचा खर्च, माणसं, कामं सगळं त्यात. तंजावरी मराठी घरांत आज मराठी बोलतात, मोडी वाचणारा मात्र क्वचितच भेटतो. पणजोबांचं नाव रुमालात असलं, तरी पणतूला ते दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावं लागतं.