कविसमय आणि नगरोद्यानातील पाखरे

वसंत आणि पक्षी यांचे नाते आपल्या साहित्यात इतके रूढ झालेले आहे की, त्याची पुन्हा तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. आंब्याला मोहर आला की कोकिळा गाऊ लागते, हे वाक्य मराठी मुलाच्या वाचनात फार लवकर येते आणि पुढे जन्मभर त्याची सोबत करते. परंतु चैत्रातल्या एखाद्या सकाळी रायपूरसारख्या शहरातील बागेत उभे राहून, त्या आवाजाच्या दिशेने पाहण्याचे कष्ट ज्याने घेतले असतील, त्याला या वाक्यातील अडचण तत्काळ जाणवते. गाणारा पक्षी काळाभोर आणि लाल डोळ्यांचा असतो; तो नर आहे. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिच्या कंठातून निघतो तो तुटक, तीक्ष्ण आवाज, ज्याला कोणीही गाणे म्हणणार नाही. म्हणजे गातो तो कोकीळ, कोकिळा नव्हे. तरीही उत्तम गायिकेला आपण 'गानकोकिळा' म्हणतो आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. ही चूक पक्षिशास्त्राची म्हणून सोडून द्यावी, की वाङ्मयाच्या दृष्टीनेही तिला काही अर्थ आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार संस्कृत साहित्यशास्त्राने पूर्वीच केलेला आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयाचे, म्हणजे कविपरंपरेने मान्य केलेल्या संकेतांचे, तीन प्रकार सांगितले: जे नाही त्याचे वर्णन करणे, जे आहे त्याचे वर्णन न करणे, आणि जे अनेक ठिकाणी वा अनेक काळी आढळते त्याला एकाच ठिकाणी वा काळी बांधून टाकणे. कोणत्याही जलाशयात हंस असावेत, हा पहिला प्रकार. वसंतात मालती असली तरी तिचा उल्लेख करू नये, हा दुसरा. आणि कोकिलाचे कूजन ग्रीष्मादी ऋतूंत होत असूनही ते वसंतातच वर्णावे, हा तिसरा. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. राजशेखर संकेताचे समर्थन करतो. पण त्याच वाक्यात वस्तुस्थितीही नोंदवून ठेवतो. कोकीळ ग्रीष्मातही गातो हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या मते संकेत हा माहीत असलेल्या सत्यातून केलेली निवड आहे. अज्ञानाचे पांघरूण नव्हे.

कालिदासाकडे पाहिले असता हेच दिसते. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात अकाली अवतरलेल्या वसंतात कूजन करणारा पक्षी 'पुंस्कोकिल' आहे. कवीने नर म्हणून त्याचा निर्देश केलेला आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला धिक्कारताना, आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेणाऱ्या कोकिळेचा दाखला देतो. तेव्हा गाणारा नर आणि परक्या घरट्यात अंडी घालणारी मादी, ही दोन्ही निरीक्षणे त्या परंपरेत होती. संकेत तेवढा उचलून त्यामागचे निरीक्षण आपण मराठीत पुष्कळदा वाटेतच सोडून दिले. कोकिळाचे गाणे उन्हाळा चढेल तसे वाढत का जाते, याचा उलगडा मोहराने होत नाही. तो कावळ्याच्या घरट्याने होतो. कावळ्यांची वीण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते आणि कोकिळाचा विणीचा काळ तिलाच बांधलेला असतो. रायपूरला वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, रस्ते ओस पडतात, आणि तो स्वर अधिकच उंच होतो. हे दृश्य 'मधुर वसंत' या शब्दांत मावणारे नाही; ते त्याहून कठोर आणि, मला वाटते, अधिक काव्यमय आहे.

दुसरा संकेत आगमनाचा. वसंत म्हणजे येणे, उमलणे, आरंभ. युरोपातील निसर्गलेखनात या कल्पनेला प्रत्यक्षाचा आधार आहे. तेथे दक्षिणेकडे गेलेली पाखरे वसंतात परततात. गिल्बर्ट व्हाइटने 1789 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेलबोर्न गावाच्या निसर्गेतिहासात पाकोळ्यांच्या परतण्याच्या ज्या नोंदी ठेवल्या, त्यांमागे ही वाट पाहणे आहे. आपल्याकडे स्थिती पुष्कळशी उलट आहे. थंडीत आपल्या तळ्यांवर उतरलेला चक्रवाक फाल्गुनाच्या सुमारास लडाख-तिबेटच्या दिशेने निघतो. पळस आणि काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे मधासाठी फुलांवर तुटून पडतात, आणि थोड्याच दिवसांत मध्य आशियाकडे निघून जातात. बागेतल्या हिरवळीवर शेपूट हलवीत हिंडणारा धोबी चैत्र सरता सरता दिसेनासा होतो. हा धोबी म्हणजेच काव्यातला खंजन. 'खंजननयना' हा शब्द वापरणाऱ्या किती जणांनी आपल्या पायाशी चरणाऱ्या या पाखराला त्या नावाने ओळखले असेल? बागेतील वसंत जितका येण्याचा, तितकाच निरोपाचाही ऋतू आहे; पण निरोपाचा वसंत आपल्या लेखनात क्वचितच उतरला.

मराठी गद्यात या रूढ दृष्टीला पहिला समर्थ छेद दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्रा'त (1956) दिला. संस्कृत काव्याचा संस्कार त्यांच्या लेखणीवर गाढ आहे. किंबहुना तोच त्यांच्या शैलीचा प्राण आहे. परंतु ऋतू हा नुसता स्मरणाचा नव्हे, तर पाहण्याचा विषय आहे, ही भूमिका त्या पुस्तकाने महिन्यामहिन्याच्या क्रमाने सिद्ध केली. लेखिका मुंबईत राहणारी होती, हेही महत्त्वाचे. निसर्ग पाहण्यासाठी शहर सोडून जावे लागत नाही, हा त्या लेखनातून निघणारा निष्कर्ष आपल्या समीक्षेने पुरेसा अधोरेखित केला नाही. 'ऋतुचक्रा'च्या लालित्याचे आपण कौतुक केले. त्यातील शिस्तीचे अनुकरण केले नाही.

मारुती चितमपल्ली (1932–2025) यांची वाट निराळी. वनखात्याच्या सेवेत त्यांचे आयुष्य अरण्यात गेले. नवेगावबांधच्या परिसरातून उभे राहिलेले 'पक्षी जाय दिगंतरा' हे पुस्तक आणि पुढचा 'पक्षिकोश' यांनी मराठीला पाखरांची नावे मिळवून दिली. काही ग्रंथांतून, काही रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून मुंबईत आहे, सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक 1941 चे आहे. तरीही महाराष्ट्राच्या राजधानीत बहरलेल्या या शास्त्राची भाषा मुख्यतः इंग्रजीच राहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे चितमपल्लींच्या कामाचे मोल कळते. मात्र त्यांच्या यशाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पक्षी म्हटला की अरण्य, असा नवा संकेत वाचकांच्या मनात रुजला. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ लेखनात पहाट, मचाण, आदिवासी सोबती आणि नावांची लांबलचक यादी ठरलेली असते. जुन्या कविसमयाची जागा नव्या कविसमयाने घेतली. अंगणातले पाखरू पूर्वीइतकेच अनोळखी राहिले.

नवेगावबांध गोंदियाजवळ आहे, आणि गोंदियाहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग या क्रमाने रायपूरला पोहोचतो. या मार्गाने मराठी भाषाही पूर्वेकडे गेली. किंबहुना लोहमार्गाच्या फार पूर्वी, नागपूरकर भोसल्यांच्या अमलात (1741 ते 1854) ती तेथे पोहोचली होती. आज रायपूरच्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला पाखरे चार भाषांतून भेटतात. पुस्तकातली मराठी त्याला कोकिळा आणि राजहंस देते. रस्त्यावरची हिंदी कोयल देते. छत्तीसगढी त्याला 'सुआ' देते, ज्याची मातीची मूर्ती टोपलीत ठेवून बायका दिवाळीच्या सुमारास फेर धरतात. आणि 'पडकी' देते, म्हणजे आपला होला. दुर्बीण हाती आली की उरलेली सारी नावे इंग्रजी. यात दुःख करण्यासारखे फारसे नाही. चार भाषा ही श्रीमंतीच आहे. पण या चारांपैकी मराठीतले पाखरू तेवढे बागेत सापडत नाही, ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. बुढा तालाबाच्या मधल्या बेटावरच्या बागेत तांबटाचा ठोका चाललेला असतो, दयाळ झाडाच्या शेंड्यावर गात असतो, काठाशी वंचक टपून बसलेला असतो. ही सर्व नावे मराठीत आहेत आणि ती सुंदर आहेत. ती ज्या घरात उच्चारली जात नाहीत, त्या घरातली मराठी हळूहळू सणासमारंभांपुरती उरते. रोजच्या डोळ्यांसमोरच्या जगाशी तिचा व्यवहार संपतो. सीमेबाहेरील मराठीच्या भवितव्याची चर्चा आपण संमेलने आणि मंडळे यांच्या आधारे करतो. ती या दृष्टीनेही केली पाहिजे.

नगरोद्यान हे स्वतःही एका अर्थाने कविसमयच आहे. जे आहे त्यातील काही टाळून आणि जे नाही ते आणून ते रचलेले असते. हिरवळ, कारंजी, रंगीत दिवे ही त्याची अलंकारसामग्री. रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. म्हणजे समुद्रदेखील संकेताने आणलेला आहे. या रचनेत वाळलेली फांदी दोष ठरते आणि ती छाटली जाते. पण तांबट आपली ढोली अशाच वठलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात कोरतो, आणि तीही नेमकी वसंताच्या आगेमागे. शोभेसाठी फांदी गेली की, त्या वर्षीचे घरटेही तिच्याबरोबर जाते. संकेताने जे वगळले त्याची किंमत कोणी तरी देत असते, हे काव्यात सहज लक्षात येत नाही. बागेत ते दिसते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, साहित्य म्हणजे पक्षिशास्त्र नव्हे. कवीची कोकिळा हे एक प्रतीक आहे आणि त्याला शास्त्राची मोजपट्टी लावू नये. हा आक्षेप अर्धा खरा आहे. प्रतीकाला शास्त्राचे बंधन नाही; परंतु ते ज्या अनुभवातून निघाले त्याचे बंधन आहे. चक्रवाकाचा विरह ज्याने प्रथम रचला, त्याने रात्रीच्या नदीकाठी त्या पाखरांच्या हाका ऐकल्या असल्या पाहिजेत. ऐकणे थांबले आणि विरह तेवढा चालू राहिला, तर मागे उरते ती केवळ शब्दांची सवय.

म्हणून संकेत टाकून द्या असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. राजशेखराप्रमाणे संकेताच्या शेजारी वस्तुस्थिती नोंदवून ठेवावी, एवढेच म्हणणे आहे. स्वतः राजशेखर मराठी वाचकाला परका नाही. आपल्या पूर्वजाला तो 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवतो, आणि ज्या कलचुरींच्या त्रिपुरीच्या दरबारात तो वावरला, त्यांचीच एक शाखा पुढे छत्तीसगडात नांदली. कोकीळ ग्रीष्मातही गातो हे त्याने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. वैशाखात रायपूरच्या बागेत ते आजही ऐकता येते.