‘सहन करा’ हा उपचार नव्हे

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी गोंदिया जिल्ह्यातले पुष्कळ रुग्ण नागपूर गाठतात. काही दिवसांनी सुटी मिळते, घरी येतात आणि मग दुखणं घरच्यांच्या हाती येतं. तिथे दोन सल्ले हमखास मिळतात : ‘गोळ्या कमी घे, सवय लागेल’ आणि ‘थोडं सहन कर’. हेच पुढे ‘औषधाविना उपाय’ म्हणून मिरवलं जातं. आमचा आक्षेप आहे तो या मांडणीला.

मोठ्या शस्त्रक्रियेत छातीच्या बाजूला छेद घेऊन बरगड्या फाकवतात. बरगड्यांमधल्या नसा दबतात, ताणल्या जातात. मोडलेला हात प्लास्टरमध्ये गप्प ठेवता येतो. छाती कशी ठेवणार? दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ आत साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे सोसणं हा इथे गुण नाही, तो धोका आहे.

औषधाविना उपाय आहेतच. उशी किंवा चादरीची घडी जखमेवर घट्ट धरून खोकायचं. टेकून ताठ बसायचं, श्वासाचे व्यायाम करायचे. त्या बाजूच्या हाताने केस विंचरायचे, म्हणजे खांदा आखडत नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं की, स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. टेन्स यंत्राची कल्पना त्यातूनच पुढे आली. आवडतं संगीतही काहींना आराम देतं.

पण यातलं काहीही एकट्याने एवढं दुखणं पेलत नाही. गोळीचा असर चढला की व्यायाम नीट होतो, व्यायाम झाला की छाती मोकळी होते. म्हणून ‘पर्याय’ हा शब्दच चुकीचा आहे, ‘जोड’ म्हणा. आणि घरगुती म्हणजे निर्धोक, असंही नाही. नस दुखावल्याने जखमेभोवतीची कातडी बधिर असू शकते. विटेचा शेक दिला तर भाजलेलं कळतही नाही.

आमचं म्हणणं एवढंच : उशी धरून कसं खोकायचं, हे ऑपरेशनच्या आधीच शिकवलं पाहिजे, आणि रुग्णासोबत घरच्या माणसालाही. त्याला खर्च नाही, दहा मिनिटं लागतात. डॉक्टरांनी ती दिली नाहीत, तर आपण मागून घ्यावीत. आणि गोळी घेऊनही खोकता येत नसेल, श्वास लागत असेल किंवा ताप आला, तर सोसत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.